आवळला

“ह्या पाव्हण्यांना तुम्ही सगळे वळखताच,” धनपाल चौगुले माईकवर म्हणाला. “महिपती लोहार, आमचे जुने सोबती. पण नुसतं महिपती म्हटलं की कुणाच्या ध्यानात येत न्हाई, म्हणून दुसरं नावबी सांगतो. ढिल्या!”

मांडवात खसखस पिकली. चाळीसेक जीपवाले आणि टॅक्सीवाले प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पोह्यांच्या बशा घेऊन बसले होते. त्यातल्या निम्म्यांनी तरी ते नाव गेल्या नऊ वर्षांत कधी ना कधी माझ्या तोंडावर घेतलं होतं. मीही हसलो. मनात म्हटलं, हसून घ्या लेकांनो, पोटभर हसून घ्या.

“आज मुद्दाम ह्यांचीच गाडी घेतलीया,” धनपाल पुढं म्हणाला. “का? तर ही वस्तूच अशी हाय, की ढिल्याच्या हातातसुद्धा ढिली राहायची न्हाई.”

ती वस्तू म्हणजे एक पितळी तोटी. गाडीच्या इंजिनाखाली तेलाचं चेंबर असतं आणि त्याच्या बुडाला एक बोल्ट असतो. तेल बदलायचं म्हणजे गाडीखाली जायचं, पान्यानं तो बोल्ट काढायचा, कढत तेल कोपरापर्यंत ओघळू द्यायचं आणि मग बोल्ट परत बसवून आवळायचा. ह्या नव्या प्रकारात बोल्टच्या जागी एकदाच ही तोटी बसवून टाकायची. तिला बोटभर खटका असतो. खटका उचलून फिरवला की तेल खाली. उलटा फिरवला की टक्‌ करून खाचेत बसतो आणि तेल बंद. पुन्हा कधी पान्याचं काम नाही की हात काळे व्हायची भीती नाही. धनपालनं तिची एजन्सी घेतली होती आणि जीप-टॅक्सीवाल्यांच्या संघटनेच्या सगळ्या गाड्यांना एका दमात ती बसवून टाकायचा त्याचा बेत होता. हात काळे होत नाहीत हे दाखवायला तो पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पांढरे बूट घालून आला होता. नवरदेवसुद्धा इतका नटत नाही.

तोटी चांगली होती, हे मी आज बारा वर्षांनीही सांगेन. माझ्या जीपला मी ती तीन महिने आधीच पुण्याहून आणून बसवली होती. धनपालला प्रात्यक्षिकासाठी तोटी बसवलेली गाडी हवी आहे असं कानावर आलं, तेव्हा मिरजेहून मीच फोन करून म्हणालो, “माझी घे की.” त्याला कोण आनंद झाला! आयता ढिल्या चालून येत होता, त्याला आणखी काय हवं होतं.

पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर भूपालअण्णा मगदूम बसले होते. जयसिंगपूरचं हे गॅरेज मूळचं त्यांचं, आता त्यांच्या जावयाच्या, म्हणजे धनपालच्या हातात. अण्णा ऐंशीच्या घरात आले होते. अंगावर शाल, डोक्यावर टोपी, डोळे अधू, पण कान शाबूत. शेजारी त्यांची लेक त्रिशला, धनपालची बायको. मी पाया पडलो तेव्हा अण्णांनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

“मिरजंत गॅरेज चांगलं चाललंय म्हनं तुझं.”

“चाललंय की, अण्णा.”

“चांगलं झालं. लई चांगलं झालं,” ते म्हणाले आणि हात सोडला.

मी आलो होतो तो धनपालला धुळीला मिळवायला, पण ते बघायला अण्णा समोर असायला हवे होते. ह्या एका माणसाची फसगत झाली होती. त्याला खरं काय ते कळलं की माझं नाव मला परत मिळालं, असं मी नऊ वर्षं धरून चाललो होतो.

त्या दिवसाच्या नऊ वर्षं आधी मी आणि धनपाल ह्याच गॅरेजात एका डब्यात जेवायचो. रॅम्प नव्हता, जमिनीत दोन खड्डे होते आणि त्यांच्यावर गाड्या उभ्या करायच्या. एकानं खड्ड्यात उतरायचं, एकानं वर बॉनेटपाशी उभं राहायचं. अण्णांचा एक नियम होता. नवं तेल ओतण्याआधी वरच्यानं मोठ्यानं विचारायचं, “आवळला?” खालच्यानं बोल्टवर पाना फिरवून झाला की ओरडायचं, “आवळला!” ते ऐकल्याशिवाय वरच्यानं डब्याचं बूच काढायचं नाही. कितीही घाई असो, गिऱ्हाईक कितीही मोठं असो. त्या गॅरेजात तो शब्द म्हणजे शपथ होती.

धनपालला एक खोड होती. त्याचं तोंड हाताच्या पुढं धावायचं. वरून “आवळला?” आलं की तो आधी “आवळला!” ओरडायचा आणि मग सावकाश पाना शोधायचा. मी त्याला दहादा हटकलं.

“अरं, बोल्ट नुसता चिमटीनं फिरवलायस आणि वरडतोस काय?”

“तुझं त्याल खाली पोचंपतूर माझा पाना फिरल्याला असतोय. गप वत!”

अण्णांच्या कानावर घालावं असं एकदोनदा मनात आलं. पण तो त्यांचा सख्खा भाचा, त्यातून त्रिशलाशी लग्न ठरलेलं. कशाला चहाडी करा, म्हणून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

एका शनिवारी डॉक्टर उपाध्यांची गाडी आली. धनपाल खड्ड्यात, मी वर. मी विचारलं, त्यानं ओरडून सांगितलं, मी तेल ओतलं. तेवढ्यात शेजारच्या खड्ड्यावरून कुणीतरी गिअरबॉक्स धरायला हाक मारली आणि तो टुणकन उडी मारून तिकडं पळाला. डॉक्टर गाडी घेऊन गेले. संध्याकाळी आंबा घाटातून फोन आला. बोल्ट वाटेत कुठंतरी गळून पडला होता, तेल रस्त्यावर सांडून गेलं होतं आणि इंजिन जाम झालं होतं. डॉक्टर बायकामुलांना घेऊन घाटात अडकून पडले होते.

अण्णांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

“खाली कोण व्हतं?”

मी तोंड उघडायच्या आत धनपाल म्हणाला, “महिपा व्हता, मामा. मी वर व्हतो.”

त्यानं ते अगदी सहज सांगितलं. मग मी ओरडलो, आईची शपथ घेतली, रडलोसुद्धा. अण्णा आम्हा दोघांकडं बराच वेळ बघत राहिले. शेवटी मला म्हणाले, “महिपती, उद्यापासनं येऊ नगंस.”

‘ढिल्या’ हे बारसं धनपालनंच केलं. सोमवारच्या आत ते सगळ्या बाजारात पसरलं. जयसिंगपुरात मला कुणी सायकलच्या नटालाही हात लावू देईना. तेही मी सोसलं असतं. पण माझे वडील, आबा, गावात लोहारकी करायचे. त्यांनी केलेल्या खुरप्याची मूठ कधी हलली नाही असं चार गावं सांगायची. त्यांना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “भूपालअण्णा कशाला खोटं वागंल?” मग ते भात्याकडं वळले. त्यानंतर त्यांनी मला ऐरणीवर हातोडा धरू दिला नाही. चार वर्षांनी ते गेले, ते मला ढिल्या समजूनच गेले. त्यांच्या तेराव्याला पान वाढता वाढता मी ठरवलं, की धनपालला ह्याच बाजारात, ह्याच लोकांसमोर तोंडावर आपटायचं.

“तर मंडळी, इकडं ध्यान द्या!” धनपाल रॅम्पखाली एका बुटक्या स्टुलावर बसला. माझी जीप त्याच्या डोक्यावर, जमिनीपासून चार फूट उंच उभी होती, त्यामुळं मांडवातल्या प्रत्येकाला तो स्वच्छ दिसत होता. डाव्या हातात माईक, पुढ्यात तेल धरायला पसरट ट्रे. “त्याल वतायला वर ढिल्या हायेच. त्येला तेवढं जमतंय!”

पुन्हा हशा. मी बॉनेटपाशी एका उंच खोक्यावर उभा होतो. पाच लिटरचा डबा पुढ्यात होता, बूच काढलेलं होतं.

धनपालनं एका बोटानं खटका उचलून फिरवला. काळं तेल सरळ धारेनं ट्रेमध्ये पडू लागलं. लोक माना उंचावून बघत होते. धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग थांबली. धनपालनं ट्रे उचलून बाजूला सरकवला आणि दोन्ही बाह्या लोकांसमोर धरल्या.

“दावा! एक थेंब दावा अंगावर! हात बघा, शर्ट बघा. घरात जाऊन तसंच जेवायला बसायचं. बायकोचं बोलणं न्हाई, साबण न्हाई, पाना न्हाई!”

टाळ्या पडल्या. मी टाळ्यांकडं लक्ष दिलं नाही, मी कान देऊन ऐकत होतो. तीन महिने मी माझ्या जीपखाली उताणा पडून तो खटका उघडत आणि मिटत होतो. त्याचा टक्‌ असा आवाज मी शंभर आवाजांत ओळखला असता. तो अजून आला नव्हता. धनपाल बोलण्याच्या भरात होता, पण वाक्य संपलं की त्याचा हात वर खटक्याकडं जाणार होता. तो गेला असता तर माझी सगळी यातायात फुकट गेली असती आणि मी विदूषक होऊन मिरजेला परतलो असतो. म्हणून मी त्याचं वाक्य संपू दिलं नाही. नऊ वर्षांपूर्वी विचारायचो त्याच सुरात, मोठ्यानं विचारलं.

“आवळला?”

“आवळला!”

क्षणाचा उशीर झाला नाही. माईक तोंडापाशीच होता, त्यामुळं तो शब्द साऱ्या मांडवात घुमला. मी डबा उचलला आणि उपडा केला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. धनपाल पुढं बोलू लागला होता, “तर ह्या तोटीला कंपनीची पाच वर्षांची...” आणि तिथंच त्याचा आवाज तुटला. वरून सोनेरी तेलाची जाड धार त्याच्या भांगात पडली, कपाळावरून नाकावर आली आणि पांढऱ्या शर्टावर पसरत गेली. तो उठायला गेला तर डोकं रॅम्पच्या पट्टीवर आदळलं. बसायला गेला तर बूट घसरला आणि तो तेलातच फतकल मारून बसला. माईक अजून हातात होता. त्यातून त्याचं “आयला, आयला” सगळ्यांना ऐकू येत होतं. मी डबा शेवटच्या थेंबापर्यंत रिता केला. त्या पाच लिटरांइतकं सुख मला आजवर दुसऱ्या कशानं दिलेलं नाही.

लोक हसून हसून वाकले. मग संघटनेचे अध्यक्ष मुसाभाई मुजावर उभे राहिले. तीस वर्षं जीप चालवलेला माणूस, थट्टेतही मुद्दा न सोडणारा.

“धनपालशेठ, एक सांगा. तुम्ही आत्ताच म्हणालासा, ह्येला पाना लागत न्हाई, आवळायचं काय कामच न्हाई. मग तुम्ही आवळला म्हणालासा, ते काय आवळलं?”

हसू ओसरलं. धनपालनं तोंडावरचं तेल निपटलं. तोटीत आवळण्यासारखं काही नव्हतंच. जिथं आवळायला बोल्टच नाही तिथंही त्याच्या तोंडून तो शब्द निघाला होता.

मी खोक्यावरून उतरलो, रॅम्पखाली वाकलो आणि त्याच्या हातातून माईक काढून घेतला. तो तेलानं बुळबुळीत झाला होता.

“हा माणूस नऊ वर्षांमागं असाच बोलला होता,” मी म्हणालो. “डॉक्टर उपाध्यांच्या गाडीखाली हा होता आणि वर मी होतो. मी विचारलं, हा असाच ओरडला, आणि पाना न फिरवता निघून गेला. त्या दिवसापासून तुम्ही मला ढिल्या म्हणता.”

मी माईक खाली धरला आणि अण्णांच्या खुर्चीपुढं जाऊन उभा राहिलो.

“अण्णा, आता तरी पटलं का?”

अण्णांनी मान वर केली नाही. शालीचं टोक बोटांत चुरगाळत ते हळू बोलले, फक्त मला आणि त्रिशलाला ऐकू जाईल एवढंच.

“मला त्याच दिशी म्हाईत व्हतं, महिपती.”

“काय?”

“मी हितंच टेबलाला बसलो व्हतो की रं. खड्ड्यातनं ‘आवळला’ म्हणून कोण वरडलं, ते मला कळत न्हवतं व्हय? दोघांचा आवाज मला अंधारातबी कळत व्हता.”

“मग?”

“हिच्या अंगाला हळद लागायला आठ दिस व्हतं. त्येला खोटा पाडला असता तर लगीन मोडलं असतं. भणीला काय तोंड दावू? तू हुशार व्हतास. म्हटलं, ह्यो कुठंबी पोट भरंल.”

नऊ वर्षं मी ज्याला फसवला गेलेला समजत होतो, तो हा. सकाळी मी ह्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं. माझ्या बापानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, तो ह्याच्या नावावर विश्वास ठेवून. धनपाल भेकड होता, घाबरून खोटं बोलला होता. ह्यानं मात्र बराच वेळ आम्हा दोघांकडं बघत, विचार करून मला उकिरड्यावर फेकलं होतं. मी माईक त्याच्या तोंडापुढं धरला.

“हे माईकवर सांगा.”

“महिपती, पोरगी बसलीया.”

“माझा बापपण बसला होता, अण्णा. भात्यापाशी. सांगा!”

त्यांनी त्रिशलाकडं पाहिलं. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, समोर बघत होती. अण्णांनी माईकची दांडी धरली. मी ती सोडली नाही.

“महिपती लोहाराची चूक न्हवती,” ते म्हणाले. आवाज फाटलेला होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. “खाली धनपाल व्हता. मला म्हाईत व्हतं. मी मुद्दाम ह्येला घालवला.”

मुसाभाईंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कुणी हसलं नाही, कुणी उठलंही नाही.

उठली ती त्रिशला. तिनं माईकची वाट पाहिली नाही. तिचा आवाज त्याशिवायच सगळ्यांना ऐकू गेला.

“अण्णा, हा खोटारडा हाय, हे ठाऊक असून तुम्ही मला ह्येच्या गळ्यात बांधलासा?”

अण्णांनी हात जोडले. तिनं ते पाहिले, पदर कमरेला खोचला आणि दोघांपैकी कुणाकडंही न बघता फाटकातून बाहेर निघून गेली. तिच्या वाट्याला माझा सूड यायला नको होता, एवढं मला तेव्हाही वाटलं. अण्णांसाठी मात्र काही वाटलं नाही. ते हात जोडूनच बसले होते. मी माईक त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पाठ फिरवली.

आता इथं थांबण्यात अर्थ नव्हता. मी रॅम्पवर चढलो, जीपमध्ये बसलो, किल्ली लावली आणि तसाच थांबलो. इंजिनात तेलाचा थेंब नव्हता. सगळं खाली जमिनीवर आणि धनपालच्या अंगावर होतं. इतका पुढचा विचार मी तीन महिन्यांत केला नव्हता. सूड घेऊन झाल्यावर घरी जायचं असतं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

चाळीस माणसं खालून माझ्याकडं बघत होती. मी खिडकीतून धनपालकडं पाहिलं. तो कोपरावर रेटा देत उठला, रॅम्पखाली गेला आणि मला टक्‌ असा आवाज आला. मग त्यानं आतून नवा डबा आणला, मघाशी मी उभा होतो त्या खोक्यावर चढला आणि तेल ओतू लागला. पाव लिटर तरी त्यानं इंजिनावरून बाहेर सांडलं. मी उतरून मदत केली नाही. त्यानं बूच लावलं, बॉनेट बंद केलं आणि बाजूला होऊन मान खाली घालून उभा राहिला.

किल्ली फिरवण्याआधी मी जीपमधून उतरलो. त्याच्या अंगावरून रॅम्पखाली गेलो, त्यानं सांडलेल्या तेलात गुडघा टेकला आणि वर हात घालून बोटानं खटका चाचपला. तो खाचेत घट्ट बसलेला होता. मी मागं वळून लोकांकडं पाहिलं आणि तो पुन्हा एकदा चाचपला, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा.